उणे चाळीसचा उन्हाळा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसहा वाजता, आमच्या गाडीनं पहिल्यांदा विमान व्हायचा प्रयत्न केला.

मी किल्ली फिरवली. इंजिन रोजच्यासारखं दोनदा खोकून चालू झालं आणि पाठोपाठ बॉनेटखालून असा घोंगाट उठला, की पार्किंगमध्ये झोपलेलं कुत्रं उठून थेट गेटबाहेर गेलं. दूधवाल्यानं सायकल थांबवली. वॉचमननं मान वर करून आकाशाकडे पाहिलं. लोहगावची विमानं आमच्या डोक्यावरून जातात, त्यामुळे त्याचं अगदीच काही चुकलं नव्हतं. मी मात्र खूश झालो. गाडी तेरा वर्षांची, माझ्याकडे आली तीच सेकंडहँड. इतक्या वर्षांत तिच्या पोटातून एवढा दमदार आवाज मी ऐकला नव्हता. सर्व्हिसिंगचा गुण आलेला दिसतोय, असं मी मनाशी म्हटलं. सर्व्हिसिंग होऊन चौदा महिने झाले होते.

"साहेब, रेडिएटरचा पंखा फुल पळतोय," वॉचमन म्हणाला.

"मग चांगलंय की! उन्हाळा आहे."

हे उत्तर मी ज्या आत्मविश्वासानं दिलं, त्याच आत्मविश्वासानं पुढचे अठरा दिवस मला भेटेल तो माणूस उत्तरं देत राहिला. त्यामुळे तक्रार करायला तशी मला जागा नाही.

गाडीबद्दलचं माझं ज्ञान सांगून ठेवतो. बॉनेट उघडायचा खटका कुठेतरी स्टिअरिंगच्या खाली आहे, एवढं मला नक्की माहीत आहे. तो शोधताना माझ्या हातून आधी पेट्रोलचं झाकण उघडतं, मग डिकी उघडते, आणि मग मी वॉचमनला हाक मारतो.

आमच्या लहानपणी बाबांची फियाट होती. तिचा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन पळेल तेवढा तोही पळायचा, इंजिन थांबलं की थांबायचा. त्याला स्वतःचं असं मत नव्हतं. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात अर्ध्या वाटेवर गाडी तापायची. मग बाबा बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून, चेहरा लांब नेऊन ते झाकण एकेक आटा फिरवायचे, आणि आई पाच लिटरचा कॅन घेऊन मागे उभी राहून, "अहो, भाजेल! अहो, भाजलं!" असं घटनेच्या आधीच सांगायची. आजूबाजूला आणखी चार-पाच गाड्या तोंडं उघडून वाफ सोडत उभ्या असायच्या. घाट म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

आताच्या पंख्याला मत असतं. म्हणजे पंख्याला नसतं, गाडीतल्या कॉम्प्युटरला असतं. त्याला गॅरेजवाले ईसीएम म्हणतात. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते एका सेन्सरकडून विचारून घ्यायचं, थोडं तापलं तर पंखा 'लो'वर सोडायचा, जास्त तापलं तर 'हाय'वर, आणि निवलं की बंद करायचा, अशी त्याची नोकरी. आमच्या गाडीचा ईसीएम मात्र पहाटेच्या गारव्यात, इंजिन नुकतं कुठे डोळे चोळत असताना, तापमानाचा काटा तळाशी पडलेला असताना, पहिल्या सेकंदापासून 'हाय'वर होता. लग्नाच्या कार्यालयात अजून खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नाहीत आणि मोठा कूलर सोडलाय, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतले तज्ज्ञ जमले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांनी नाडी बघावी तसा बॉनेटवर हात ठेवला.

"ब्लॉकेज."

"कुठे?"

"रेडिएटरमध्ये. नव्वद टक्के. पाणी पुढे सरकत नाही, मग बिचाऱ्या पंख्याला धावावं लागतं. दोन जिने चढलो की मला अस्सं व्हायचं."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहिलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, त्या तुंबतात, इंजिन तापतं आणि पंखा थांबायचं नाव घेत नाही. पण त्यासाठी इंजिन तापायला हवं. आमचं गार होतं. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, "सायलेंट ब्लॉकेज. ते जास्त वाईट."

पहिल्या मजल्यावरच्या काकूंना पित्ताचा त्रास. त्यांनी कूलंट बदलायला सांगितलं, "म्हणजे पोटात थंड पडेल." ज्यांचे गुडघे गेलेत ते गृहस्थ म्हणाले, गाडी रोज चालवत नाही ना तुम्ही, मग सांधे आखडणारच. माणूस दुसऱ्याच्या गाडीचं निदानसुद्धा स्वतःच्याच फायलीवरून करतो. त्या सभेत थायरॉइडवाले कुणी नव्हते म्हणून, नाहीतर गाडीला उपाशीपोटी पेट्रोल भरायला लागलं असतं.

बी विंगमधले एक निवृत्त इंजिनिअर मात्र हातात पकड घेऊनच उतरले. ते इंजिनिअर होते हे खरं. सिव्हिल, हे मागाहून कळलं.

"रिले," ते म्हणाले. "शंभर टक्के रिले."

रिले म्हणजे काड्यापेटीहूनही छोटी एक काळी डबी. ईसीएमचा करंट नाजूक, त्यानं पंखा फिरत नाही. म्हणून ईसीएम रिलेला नुसती खूण करतो आणि रिले बॅटरीतला वीस-पंचवीस अँपिअरचा करंट पंख्याला जोडून देतो. कधीकधी रिलेच्या आतले पॉइंट एकमेकांना चिकटून बसतात. मग ईसीएमनं खूण करो न करो, पंखा सुटलेला तो सुटलेला. पण तसं झालं तर बहुधा गाडी बंद करून किल्ली खिशात घातली तरी पंखा फिरतच राहतो आणि सकाळी बॅटरी गतप्राण होते. आमचा पंखा किल्ली काढल्याबरोबर थांबत होता, म्हणजे रिले बापडा शहाणा होता. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी टॉर्च धरून उभा होतो.

साहेबांनी एकसारखे दिसणारे चार रिले उपटून बॉनेटच्या कडेवर मांडले, प्रत्येकात फुंकर मारली, प्रत्येक कानाशी हलवून पाहिला. मध्ये चहा आला. चहानंतर रिले परत बसवले. मी किल्ली फिरवली. स्टार्टर गरगरला, इंजिन काही पेटेना.

"पण पंखा बंद झाला की नाही?" साहेब म्हणाले.

झाला होता. मला त्यांचे आभार मानावे लागले.

चारपैकी तीनच रिले परत गेले होते, हे रात्री वॉचमनच्या लक्षात आलं. चौथा होता मेन रिले. त्याच्यातून ईसीएमला करंट जातो. ईसीएमलाच करंट नाही म्हटल्यावर ना पेट्रोल, ना ठिणगी, ना पंखा. तो दुसऱ्या दिवशी साहेबांच्या वॉशिंग मशीनमध्ये सापडला, पँटच्या खिशात. उन्हात वाळवून बसवला तर चालला! तेव्हापासून आमच्या गाडीतला सर्वांत स्वच्छ भाग तोच आहे.

मग मी गाडी गॅरेजला नेली. रस्त्यात सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं स्वतःची रिक्षा बंद करून माझी गाडी ऐकली.

"काका, उतरवताय का उडवताय?"

मी काच वर घेतली. लगेच खालीही घेतली, कारण त्याच आठवड्यात एसीनं थंड हवा सोडणं बंद केलं होतं. हा दुसरा रोग वेगळा आहे असं समजून मी त्यासाठी वेगळा डॉक्टर गाठला होता. त्यानं कॉम्प्रेसर लागत नाही हे पाहिलं, "गॅस गेलाय" म्हणाला, आणि गेज न लावता अठराशे रुपयांचा गॅस भरून दिला. कॉम्प्रेसर तरीही लागला नाही. "मुरायला लागेल," तो म्हणाला. गॅस मुरतो हे मला नवीन होतं, पण मी लोणचं घालणाऱ्या घरात वाढलो आहे, विश्वास बसला. तर असं चित्र होतं: मे महिन्याचं पुणं, दुपारचे दोन, आत आम्ही घामानं निथळतोय आणि गाडीतला सर्वांत मोठा पंखा पूर्ण ताकदीनं इंजिनाला वारा घालतोय.

गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बारक्याला दहा-बाराचा पाना आणायला सांगितला आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं ते वर्तमानपत्राच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. मूतखडा काढल्यावर डॉक्टर नातेवाइकांना बाटली दाखवतात, तसा त्यांचा चेहरा होता.

"हे काढून टाकलं."

"काय आहे हे?"

"थर्मोस्टॅट. आपल्याकडं लागतच नाही. थंडीच्या देशातल्या गाड्यांसाठी आहे ते. कंपनी उगाच बसवते."

थर्मोस्टॅट म्हणजे पितळी टोपीसारखा एक वॉल्व्ह, त्याच्या पोटात मेण असतं. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, वॉल्व्ह उघडतो आणि मगच पाणी रेडिएटरकडे जातं. तोपर्यंत इंजिनाला ऊब धरू द्यायची, एवढंच त्याचं काम. इंजिन नीट तापलं नाही तर ईसीएम त्याला आजारी समजून जास्त पेट्रोल पाजत बसतो. म्हणजे पुण्यातही तो लागतो. हेही मला आज कळतं. त्या दिवशी मी विचारलं, "आणि पंखा?"

"पंखा पळू द्या की, साहेब. कूलिंग चांगलं राहतं. उन्हाळा आहे."

नऊ दिवस आणि साडेचार हजार रुपये खर्चून मी वॉचमनला दिलेल्या माझ्याच उत्तरापाशी येऊन पोचलो होतो.

निघताना मी सहज विचारलं, "तो समोर पिवळा दिवा लागतो, इंजिनाचं चित्र असलेला, त्याचं काय?"

"ती सेन्सरची लाईट. ती लागतेच. लक्ष नाही द्यायचं."

लक्ष नाही द्यायचं म्हटलं तरी रात्री तो डोळ्यांवर यायचा. बायकोनं कपाळावरची टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. बरोबर मापाची बसली. मरून रंगाची.

पुढचा आठवडा मी मोबाइलवर अभ्यास केला. त्या अभ्यासातून मला कळलं की पंखा जोरात फिरायला रेडिएटर, कूलंट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रिले, वायरिंग, एसीचं प्रेशर, सेन्सर किंवा खुद्द ईसीएम यांपैकी काहीही कारण असू शकतं. गाडीत याशिवाय उरतात ती चाकं. मी ऑफिसमध्ये चार जणांना हे समजावून सांगितलं. त्यातल्या एकाची गाडी ठणठणीत होती, त्यालाही मी वॉटर पंप बदलायला सांगितला. त्यानं बदलला.

शेवटी मुलीचा मित्र आला. तो फक्त मित्र आहे, हे मला तीनदा सांगण्यात आल्यामुळे मी त्याच्याकडे जरा नीटच बघत होतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणे. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्डखाली हात घातला आणि खिशातली एक निळी डबी तिथल्या खोबणीत खुपसली. मग मोबाइल काढला.

"काका, चेक इंजिनचा दिवा नाही का लागत?"

"नाही. म्हणजे..."

त्यानं नखानं टिकली काढली. खालून दिवा असा लख्ख लागला, की आठवडाभर दाबून ठेवलेलं बोलणं एकदम बाहेर पडावं. टिकली त्यानं अदबीनं माझ्या तळहातावर ठेवली. माझी मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

"कोड आलाय काका. पी०११८. कूलंट टेंपरेचर सेन्सरचं सर्किट." मग त्यानं स्क्रीन माझ्यासमोर धरली. "आणि हे बघा. गाडीच्या मते इंजिन आत्ता उणे चाळीसला आहे."

बाहेर एकोणचाळीस होतं. सावलीत.

आता अशा वेळी माणसानं काय विचारावं? मी विचारलं, "सेल्सिअस का फॅरनहाइट?"

"उणे चाळीसला दोन्ही सारखंच असतं काका."

मुलगा हुशार होता. त्यामुळे मी आणखी अस्वस्थ झालो.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. सेन्सरच्या आत एक छोटा मणी असतो. गार असला की करंटला अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. वीस-पंचवीस अंशांना त्याचा अडथळा साधारण दोन-अडीच हजार ओहम, पाणी उकळायच्या सुमाराला दोनशेच्या आसपास. गार तेवढा अडथळा जास्त. आता मध्येच वायर तुटली तर अडथळा किती? अनंत. ईसीएम आपल्या कोष्टकात बघतो, अनंत अडथळा म्हणजे भयंकर थंडी. कोष्टक जिथे संपतं तिथला आकडा तो सांगतो. उणे चाळीस.

"मग उणे चाळीसला पंखा कशाला लावायचा? शेकोटी पेटवायला पाहिजे."

"तेच तर आहे. गाडीलाही कळतं की हे शक्य नाही. म्हणजे सेन्सरशी संपर्क तुटलाय. इंजिन गार आहे का जळतंय, तिला काहीच कळायला मार्ग नाही. मग ती सगळ्यांत वाईट तेच झालंय असं धरून चालते. पंखा फुल सोडते, एसी बंद करते. फेल-सेफ म्हणतात त्याला."

म्हणजे एसीचा गॅस कुठेही गेला नव्हता. अठराशे रुपये मात्र मुरले.

पण मी ते ऐकतच नव्हतो. संपर्क तुटला की सगळ्यांत वाईट तेच झालंय असं धरून चालायचं, ही यंत्रणा कुठल्याशा परदेशी कारखान्यात बनली असेल यावर माझा विश्वास बसेना. ती मी पन्नास वर्षं ओळखतो. ती साताऱ्यात राहते.

आईला रोज रात्री आठ वाजता माझा फोन जायला हवा. आठ वाजून पाच मिनिटांनी ती मला लावते. मी उचलला नाही तर आंघोळीला गेला असेल, मीटिंग लांबली असेल, फोन सायलेंटवर असेल, अशा मधल्या पायऱ्या तिच्याकडे नाहीत. लो स्पीड हा प्रकारच नाही. पाच मिनिटांच्या शांततेतून ती थेट अपघात विभागात पोचते. आमच्या सोसायटीतल्या अकरा जणांचे नंबर तिच्या वहीत आहेत. एकदा मी नाटकाला बसलो असताना मध्यंतरात फोन सुरू केला, तर कोल्हापूरचे मामा मला माझ्याच तब्येतीची चौकशी करत होते, आणि मी स्वतः बोलतोय हे त्यांना पटवायला मला आडनाव सांगावं लागलं.

"सेन्सर बदलू का मग?" मी विचारलं.

"आधी वायर बघा काका. सगळे आधी सेन्सर बदलतात."

सगळे, या शब्दानं मला सुखावलं.

त्यानं पाठवलेला इलेक्ट्रिशियन हा मला या सगळ्या प्रकरणात भेटलेला एकमेव न बोलणारा माणूस. त्यानं सेन्सरची जोडणी सोडवली, मीटरचे दोन काटे लावले, आकडा वाचला, मान हलवली. "सेन्सर ओके." मग वायर बोटांत धरून मागे मागे गेला, एअर फिल्टरच्या डब्याखाली, आणि थांबला. मला जवळ बोलावून फक्त टॉर्च मारला.

तिथे एक सुखवस्तू घर होतं. कापूस, सुतळी, शेंगांची टरफलं, एका लग्नपत्रिकेचा कोपरा आणि आमच्या बॉनेटच्या आतल्या बाजूचं अस्तर. त्याच्या दाराशी दोन वायरी, दातांनी तासून काढलेल्या. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं. हे मला समजतं. माझ्याही ओळखीत अशी माणसं आहेत. पण गणपतीच्या वाहनानं माझ्या वाहनाची वायर खावी, आणि तीही डॅशबोर्डवर गणपती बसवलेला असताना, हे वर्मी लागलं.

वायर तुटण्याचा प्रकार तसा गाडीच्या जन्मापासून चालत आला आहे. १८८८ साली बर्था बेन्झ बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर लांब माहेरी घेऊन गेल्या. त्या गाडीला पंखाच नव्हता. इंजिनातलं पाणी उकळून उडून जायचं आणि बाई दिसेल त्या विहिरीपाशी थांबून पुन्हा ओतायच्या. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा त्यांनी हॅटच्या पिनेनं साफ केली आणि उघड्या पडलेल्या वायरीला आपल्या मोज्याचा इलॅस्टिक पट्टा गुंडाळला. अठरा दिवसांत मी काय केलं? टिकली लावली.

इलेक्ट्रिशियननं वायरी सोलल्या, जोडल्या, डाग दिला, वर स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. पंधरा मिनिटं. दोनशे रुपये.

गाडी चालू केली. शांतता. इतकी शांतता, की मला वाटलं इंजिनच बंद पडलं. तापमानाचा काटा बावन्नवर होता आणि काही केल्या वर सरकत नव्हता.

"थर्मोस्टॅट कुठंय याचा?" इलेक्ट्रिशियन प्रथमच पूर्ण वाक्य बोलला.

वर्तमानपत्राच्या तुकड्यातला तो थर्मोस्टॅट मी घरी शोकेसमध्ये ठेवला होता. बायकोनं तो जुना नळ समजून भंगारवाल्याला दिला होता, पितळेच्या भावानं. त्याचे वीस रुपये आले होते, तेवढीच या प्रकरणातली आमची कमाई. मग मी नाना पेठेत गेलो. तिथल्या दुकानदारानं गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल का डिझेल, एवढं विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत खोकं काढून ठेवलं.

"मिस्त्रीनं काढून टाकला असेल," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मे महिन्यात तेवढाच खपतो."

थर्मोस्टॅट बसला. कूलंट भरलं. उंदरासाठी कुणी डांबरगोळ्या सुचवल्या, कुणी तंबाखूची पानं, कुणी पुदिन्याचं तेल. मी तिन्ही ठेवली. हल्ली आमच्या गाडीला एकाच वेळी जुन्या कपाटाचा, पानटपरीचा आणि टूथपेस्टचा वास येतो. उंदीर अधूनमधून येऊन बघून जातो.

त्या रात्री बायको आणि मुलगी बालगंधर्वला नाटकाला गेल्या होत्या. मी खाली पार्किंगमध्ये गाडी चालू करून, बॉनेट उघडून उभा राहिलो. कारण आता मला वेगळीच काळजी लागली होती. अठरा दिवस पंखा थांबत नव्हता म्हणून झोप नव्हती, आता तो सुरूच होत नव्हता. पुन्हा कधी लागलाच नाही तर? ऐन घाटात? काटा हळूहळू वर चढत होता. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. थर्मोस्टॅट उघडला असावा, वरचा पाइप हाताला गरम लागला. पंच्याऐंशी. बाळाची पहिली ढेकर निघायची वाट बघावी तसा मी ताटकळत होतो. बी विंगचे साहेब चक्कर मारता मारता थांबले.

"पंखा फिरत नाहीये," ते म्हणाले. "रिले बघू का?"

"नको," मी म्हणालो आणि फ्यूज बॉक्सच्या समोर जाऊन उभा राहिलो.

ब्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णवला आत कुठेतरी टक् झालं आणि पंखा फिरायला लागला. लो स्पीडवर. घरातल्या घरात कुणीतरी हलक्या आवाजात बोलावं तसा. मी इतका भारावलो, की वेळेचं भान राहिलं नाही. पंखा थांबला, काटा पुन्हा चढला, पंखा पुन्हा लागला. मी तिसऱ्यांदा बघायला थांबलो.

तेवढ्यात अँजिओप्लास्टीवाले काका लेंगा सावरत जिना उतरून आले. हातात त्यांचा फोन होता. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"तुझ्या आई आहेत फोनवर. कुठल्या हॉस्पिटलात नेलंय विचारतायत."

माझा फोन वर चार्जिंगला होता. घड्याळात नऊला दहा कमी होते.

"आई, मी पार्किंगमध्ये आहे," मी म्हणालो. "गाडीचा पंखा लागतो का ते बघत होतो."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"लागला का?"

"लागला."

"बरं झालं," आई म्हणाली. "आता जरा स्वारगेटला जाऊन थांब. कराडची आत्या एसटीत बसलीय मघाशीच. तिला परत फिरवायला फोन करतेय, पण प्रवासात ती फोन बंद करून पिशवीत ठेवते."